रानात भिरंडेचं झाड ओळखताना

गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण इथल्या सह्याद्रीच्या उतारांवर, वझऱ्यांच्या (धबधब्यांच्या) काठी आणि जुन्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, भिरंड (कोकम, रातांबा) आपोआप उगवते. उघड्या कातळावर ती शोधू नये. सावली आणि ओलावा धरणारी जागा तिला मानवते.

लांबून दिसतो तो सरळ बुंधा आणि खाली झुकलेल्या बारीक फांद्यांचा निमुळता घुमट. जवळ जाऊन डहाळी पाहावी: पानं समोरासमोर, गुळगुळीत, वरून गडद, खालून फिकट, साधारण ६ ते ११ सेंटिमीटर लांब. कोवळी पालवी लाल. देठ मोडला की पिवळसर चीक येतो. हा चीक आणि समोरासमोरची पानं नसतील, तर पुढे तपासण्यात अर्थ नाही. मात्र या दोन खुणा भिरंडेच्या भावंडांतही असतात, म्हणून निर्णय फळावर करावा. एप्रिल-मेमध्ये पिकणारं भिरंड गोल, गुळगुळीत, जांभळट लाल असतं. आत आंबट गरात ५ ते ८ बिया. पिवळं आणि भोपळ्यासारख्या खोल खाचांचं फळ दिसलं, तर ती केरळातली कुडंपुळी, भिरंडेचं भावंड.

फळ नाही म्हणून झाड वेगळं समजू नका, आणि तोडू तर मुळीच नका. भिरंडेत नर-मादी झाडं वेगळी असतात. नराची फुलं झुपक्यात, भरपूर पुंकेसरांची. मादीचं फूल बहुधा एकटंदुकटं, मध्ये फुगीर बीजकोश. हे पाहायला थंडीचे दिवस गाठावेत.

बी हवं असेल तर ताजंच पेरावं. वाळलं की रुजत नाही.