ईयोब वाचायचाय ना, मग मित्रांची भाषणं गाळू नका

हिब्रू ज्ञानसाहित्य, म्हणजे बायबलमधली जगणं, दुःख, न्याय यांवर विचार करणारी पुस्तकं, अभ्यासाला घेतलेल्या नवीन मुलामुलींचे दोन प्रश्न ठरलेले असतात, त्यातलं ईयोब हे पुस्तक कुठून सुरू करू आणि हिब्रू येत नसेल तर चालेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, सुरुवातीला चालतं. दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा, मराठी पवित्र शास्त्र आहेच, शिवाय पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी भाषांतर आहे, ते त्या गेल्यावर दोन वर्षांनी, १९२४ ला पूर्ण छापून आलं. भाषांतरं जिथे एकमेकांशी जुळत नाहीत तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. ईयोबची हिब्रू फार अवघड आहे, कितीतरी शब्द बाकी तनाखमध्ये (म्हणजे हिब्रू बायबलमध्ये) कुठेच सापडत नाहीत, त्यामुळे खुणा भरपूर होणार आणि पुढे हिब्रू शिकायला बसलात की नेमकं कुठे बघायचं ते तुमच्याकडे तयार असेल.

आता कुठून सुरू करायचं. एकूण ४२ अध्याय आहेत आणि बरेच जण पहिले दोन वाचून थेट शेवटच्यावर जातात, कारण गोष्ट तिथेच आहे, ऊस देशातला ईयोब नावाचा सज्जन श्रीमंत माणूस, देवाच्या दरबारात त्याच्यावरून झालेला वाद, गुरंढोरं गेली, दहा मुलं गेली, अंगभर फोडं आली, आणि शेवटी सगळं दुप्पट परत. (इथला सैतान म्हणजे नंतरच्या काळातला देवाचा शत्रू नव्हे, तो दरबारातला आरोप ठेवणारा आहे, हे सुरुवातीलाच डोक्यात पक्कं करा.) पण हा गद्य भाग नुसती चौकट आहे. तिसऱ्या अध्यायापासून जे काव्य सुरू होतं त्यात ईयोब आणि त्याला भेटायला आलेले तीन मित्र यांचा खरा वाद आहे, आळीपाळीने तीन फेऱ्यांत, आणि तेच लोक गाळतात कारण मित्र तेच तेच बोलतात असं वाटतं.

ते तेच तेच बोलत नाहीत, हे मला अगदी ठासून सांगायचंय. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र आधी सात दिवस सात रात्री ईयोबजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात, म्हणजे वाईट माणसं नाहीत ती. मग अलीफज बोलायला लागतो ते किती जपून बोलतो बघा, चौथ्या अध्यायात म्हणतो की तू कितीतरी लोकांना शिकवलंस, गळून गेलेल्या हातांना बळ दिलंस. आता हाच अलीफज २२ व्या अध्यायात काय म्हणतो ते शेजारी ठेवून वाचा: तू भावांकडून विनाकारण गहाण घेतलंस, उघड्यांचे कपडे काढून घेतलेस, तहानलेल्याला पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हाती घालवलंस. मधल्या काळात ईयोबने काहीएक केलेलं नाही, तो राखेत बसून आहे. बदललंय ते एवढंच की देव न्यायी आहे आणि दुःख ही पापाची शिक्षा आहे हा हिशोब जुळवायचा तर ईयोबचं पाप सापडायलाच पाहिजे, आणि सापडत नाही म्हटल्यावर अलीफज ते स्वतः तयार करतो. मी हे दोन उतारे समोरासमोर लावून वाचले तेव्हा मला हे पुस्तक कळायला लागलं, त्यामुळे नवीन कोणीही आलं की मी पहिला अभ्यास हाच देते. बिल्दद तर आठव्या अध्यायातच बापाच्या तोंडावर सुचवतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. दुःखात असलेल्या माणसाला धर्माच्या नावाने किती दुखवता येतं हे ज्याने लिहिलं त्याने ते जवळून पाहिलं असणार असं मला मनापासून वाटतं.

वाचताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवा, दरबारात काय घडलं ते आपल्याला माहितीये, ईयोबला नाही, आणि देव शेवटपर्यंत त्याला ते सांगत नाही. ३८ व्या अध्यायात देव वादळातून बोलतो तेव्हा बरेच विद्यार्थी वैतागतात, की प्रश्न न्यायाचा आणि उत्तरात हरणी, गिधाडं, शहामृग, लिव्याथान नावाचा समुद्रातला अक्राळविक्राळ प्राणी? इथे थांबून बायबलमधल्या ‘अनुवाद’ (इंग्रजीत Deuteronomy) नावाच्या पुस्तकातला ११ वा अध्याय काढा, तिथे पाऊस हे आज्ञा पाळण्याचं बक्षीस आहे, पाळल्या नाहीत तर आकाश बंद. आणि ईयोब ३८:२६ मध्ये पाऊस कुठे पडतो तर जिथे एकही माणूस राहत नाही अशा रानात. तो बक्षीसही नाही, शिक्षाही नाही. माझ्या मते मित्रांच्या सगळ्या भाषणांना हे उत्तर आहे, ईयोबच्या प्रश्नाला ते पुरतं का यावर मात्र अभ्यासकांत आजही वाद चालूच आहे आणि तुम्हीही घाईने ठरवू नका. त्याच्याबरोबर ४२:७ वाचा, देव अलीफजला म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे ज्याने देवावर अन्यायाचा आरोप केला तो योग्य बोलला, आणि ज्यांनी देवाची बाजू घेतली ते चुकले.

सोबत काय वाचायचं, तर बाबिलोनचं साहित्य नक्की. लुद्लुल बेल नेमेकी या काव्यामध्ये मार्दुक या बाबिलोनी देवाने टाकून दिलेला एक मोठा अधिकारी आपलं दुःख सांगतो, आणि बाबिलोनी थिओडिसी नावाने जे ओळखलं जातं त्यात तर पीडित माणूस आणि मित्र यांचा संवादच आहे, ११ ओळींची एक अशी २७ कडवी. ज्यू परंपरेतल्या तल्मूद या धर्मचर्चेच्या ग्रंथातला बाबा बत्रा नावाचा भाग थोडा तरी बघा, ईयोब नावाचा माणूस झालाच नाही, ती एक दृष्टांतकथा आहे, हे मतही तिथे नोंदवलेलं आहे. उपदेशक हे बायबलमधलं दुसरं ज्ञानसाहित्याचं पुस्तक मात्र ईयोब संपल्यावर घ्या, एकदम दोन्ही घेतले तर आवाज एकमेकांत मिसळतात.

टर्म पेपरला विषय हवा असेल तर मित्रांच्या भाषणांच्या शेवटच्या फेरीची गडबड घ्या, २५ व्या अध्यायात बिल्दद जेमतेम सहा ओव्या बोलतो, सोफर बोलतच नाही, आणि २७ मध्ये ईयोबच्या तोंडी मित्रांचे विचार येतात, हे का झालं असावं यावर खूप लिहिलं गेलंय आणि अजून लिहायला जागा आहे. किंवा २४ वा अध्याय घ्या, तिथे ईयोब स्वतःचं दुःख बाजूला ठेवून उपाशीपोटी पेंढ्या वाहणाऱ्या आणि तहानलेल्या घशाने द्राक्षं तुडवणाऱ्या मजुरांबद्दल बोलतो, आणि ह्या अध्यायावर विद्यार्थ्यांचे पेपर त्या मानाने फार कमी दिसतात.