काल काय झालं? मालिकेचा भाग लिहून सांगताना या चुका टाळा

संध्याकाळी सात ते साडेदहा ही वेळ मालिकांची, पण विदर्भातल्या गावात ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री-फेज कधी रात्रीच येते. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईचे डोळे साडेआठलाच मिटतात. पावसाची जोराची सर आली की छत्रीचा सिग्नल जातो, आणि लाईन जाणं तर बारमाही. मग सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर प्रश्न येतो, "काल काय झालं वं? मेली का थे?"

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सारांश. ज्याचा कालचा भाग हुकला, त्याला आजचा भाग न अडखळता पाहता आला की सारांशाचं काम झालं. भाग जमला की फसला आणि का, हे सांगणं म्हणजे परीक्षण, आणि ते मुख्यतः भाग पाहिलेल्या माणसासाठी असतं. दोन्ही एकाच परिच्छेदात कालवले की पहिल्याला काय घडलं ते सापडत नाही आणि दुसऱ्याला मत सापडत नाही. आधी घडलेलं लिहा, मग एक ओळ मोकळी सोडा, मग मत. रोजच्या भागाच्या सारांशाला दोनशे-अडीचशे शब्द पुरतात. त्याहून जास्त लागत असतील तर बहुधा तुम्ही संवाद उतरवत बसला आहात.

उद्याचं आज लिहिणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती असा नियम आहे. त्यातली १० मिनिटं व्यापारी जाहिरातींची आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या. म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेत हातात साधारण चोवीस मिनिटं उरतात. त्यातही सुरुवातीला कालची उजळणी, शीर्षकगीत, आणि शेवटी 'पुढील भागात'. नवं कथानक वीस मिनिटांच्या आसपास.

'पुढील भागात'ची ती अर्धा-पाऊण मिनिटाची झलक सगळ्यात जोरकस असते, म्हणून तीच लक्षात राहते आणि सारांशात शिरते. "सुनेने सासूच्या कानाखाली मारली" असं लिहून मोकळं व्हावं, तर दुसऱ्या दिवशी ते सासूचं स्वप्न निघतं. कधी तोच प्रसंग दोन दिवसांनी येतो. आठवडाभर आधी फिरणाऱ्या प्रोमोत तर वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे जोडलेले असतात. एका तुकड्यातलं वाक्य आणि दुसऱ्या तुकड्यातला चेहरा शेजारी ठेवले की अर्थच बदलतो. झलक लिहायचीच असेल तर शेवटी 'झलकेत दाखवलं' असं म्हणून वेगळी लिहा.

उलटी चूकही होते. सुरुवातीची उजळणी नवीन समजून लिहिली जाते, आणि वाचणारा म्हणतो, हे तर परवाच झालं.

कोणाला काय माहीत आहे, हे न टिपणं

रोजच्या मालिकेत घटना फार घडत नाहीत. गुपित एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकतं, आणि तेच कथानक असतं. सहा महिने चाललेल्या मालिकेत खून एक, लग्न दोन, पण 'हे त्याला कळलं का' हा प्रश्न रोजचा. म्हणून "अखेर सत्य समोर आलं" हे वाक्य सारांशात बिनकामाचं. कोणतं सत्य, कोणासमोर?

भाग पाहताना वहीचं एक पान घ्या. डावीकडे घड्याळाची वेळ, मधे प्रसंग, उजवीकडे कोणाला काय कळलं. साधारण असं:

८:०३ – स्वयंपाकघर. थोरली सून सासऱ्यांच्या औषधाची बाटली बदलते. – धाकटीने दारातून पाहिलं. थोरलीला ते माहीत नाही.
८:०९ – ब्रेक.
८:१२ – देवघर. धाकटी नवऱ्याला सांगायला जाते, सासू मधे येते. – नवऱ्याला अजून काही माहीत नाही.
८:२० – ब्रेक.
८:२३ – अंगण. कामवाल्या मावशींना कचऱ्यात जुनी बाटली सापडते. – बाटली कोणाची, हे मावशींना कळत नाही.

आता याचा सारांश दोन प्रकारे होतो. पहिला: "आजच्या भागात थोरलीचं कारस्थान उघडं पडतं आणि घरात वादळ येतं." दुसरा: "थोरलीने सासऱ्यांची बाटली बदलली, ते धाकटीने पाहिलं. नवऱ्याला सांगायला गेली, पण सासू आल्याने राहून गेलं. जुनी बाटली मावशींच्या हाती लागली आहे, त्यांना मात्र तिचा अर्थ माहीत नाही." पहिल्यात आवाज आहे, माहिती खोटी. दुसरा वाचून आजचा भाग लावला तर मावशींच्या हातातली बाटली पाहून प्रेक्षक सावध होतो.

वेळ टिपण्याचा आणखी एक फायदा म्हणजे शंका आली की पुन्हा पाहताना नेमकी जागा सापडते. ब्रेकच्या तोंडावरचा प्रसंग मुद्दाम अधांतरी तोडलेला असतो आणि ब्रेकनंतर बहुतेक वेळा फुसका निघतो. म्हणून ब्रेकच्या आधी जे 'घडलं', ते ब्रेक संपेपर्यंत पक्कं लिहू नका.

नातं आणि नाव यांची गल्लत

कलाकाराचं नाव, पात्राचं नाव आणि मागच्या मालिकेतलं त्याच कलाकाराचं नाव, तिन्ही एकाच सारांशात दिसतात. सारांशात फक्त पात्राचं नाव. कलाकाराचं नाव परीक्षणात, अभिनयाबद्दल बोलायचं असेल तेव्हा. कलाकार बदलला तर ती बातमी एका ओळीत वेगळी सांगा. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, घरात नवीन माणूस आलं.

नात्यांत आपल्याकडे आणखी एक अडचण. थोरल्या चुलत्यांना आपण मोठे बाबा म्हणतो, आजोबांना आबाजी. मालिकेतलं घर पुण्या-मुंबईचं असेल तर तिथे 'आबा' म्हणजे वडीलही असू शकतात. नणंद, जाऊ आणि भावजय यांची अदलाबदल झाली तर वारसाचा अख्खा झगडा उलटा होतो. नवी मालिका सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच वहीच्या शेवटच्या पानावर वंशावळ काढून ठेवा. लीप आला, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे गेली, की त्याच पानावर प्रत्येकाचं नवीन वय मांडा. सहा वर्षांच्या लीपनंतर चार वर्षांचं मूल दहा वर्षांचं व्हायला हवं. ते पंधरा वर्षांचं दिसलं तर परीक्षणाला मुद्दा मिळाला.

जी गोष्ट आपल्याला कळते तीच सोडून देणं

परीक्षण म्हणजे "अभिनय छान, कथा संथ" एवढंच, असं कोणी ठरवलं कोणास ठाऊक. खेड्यातल्या प्रेक्षकाला जे दिसतं ते शहरातल्याला दिसत नाही, आणि तेच लिहायचं राहून जातं.

जमिनीचंच घ्या. खलनायक म्हाताऱ्याची कोऱ्या कागदावर सही घेतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो, शेत माझं झालं. सातबारा ज्याच्या घरात आहे त्याला हे पचत नाही. विक्रीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावं लागतं. तिथे देणारा स्वतः हजर लागतो, किंवा त्याचं रीतसर मुखत्यारपत्र असलेला माणूस. साक्षीदार लागतात, फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार, त्याची नोटीस, हरकतीला १५ दिवस, आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. लेखकाला हवं असतं तर या १५ दिवसांतच दोन आठवड्यांचं कथानक मिळालं असतं: नोटीस कोणी लपवली, हरकत कोणी घेतली. परीक्षणात "हे खोटं आहे" एवढंच म्हणू नका. खरं कसं होतं आणि त्यातून कोणतं नाट्य हुकलं, ते लिहा.

पिकांचंही तेच. सोयाबीनची कापणी दसऱ्याच्या आगेमागे, कापसाची वेचणी तिथून पुढे हिवाळाभर, तूर डिसेंबर-जानेवारीत. श्रावणातल्या सणाच्या भागात मागे बोंडं फुटलेली पऱ्हाटी (कापसाचं झाड) दिसली तर जरूर लिहा. पण अशी एक चूक धरून अख्ख्या मालिकेला झोडपू नका. चित्रीकरण प्रक्षेपणाच्या आधी झालेलं असतं आणि मिळेल त्या शेतात होतं. कथेचा डोलारा त्या पिकावर उभा असेल तरच ती मोठी चूक, नाहीतर एका वाक्याची.

दोष योग्य माणसाच्या पदरी टाकणंही जमलं पाहिजे. श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांची नावं अनेकदा वेगवेगळी असतात. प्रसंग लांबला तर पटकथा, वाक्य कृत्रिम वाटलं तर संवाद, तोच चेहरा तीन बाजूंनी तीनदा ढाणकन दाखवला तर दिग्दर्शन आणि संकलन. यात नटीला शिव्या देऊन काही साधत नाही. नावं टीव्हीवर पळतात, अ‍ॅपवर थांबवून वाचा.

वऱ्हाडी संवाद 'शुद्ध' करणं

पात्र म्हणतं "मले काहून सांगून राह्यला?" आणि सारांशात येतं "मला का सांगतो आहेस?" अर्थ तोच, पण माणूस गेला. २०१६ साली सुरू झालेल्या 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका नागपूरकडची होती, आणि तिच्या बोलण्यावरच ते पात्र उभं होतं. अवतरणात बोली जशीच्या तशी ठेवा, बाकीचा मजकूर तुमच्या नेहमीच्या मराठीत लिहा.

बोलून टाइप करत असाल तर इथे हमखास घोळ होतो. फोन 'मले'चं 'मला' करतो, 'डोया'चा (डोळ्याचा) भलताच शब्द करतो, पात्रांची नावं बदलतो आणि विरामचिन्हं खातो. म्हणून अवतरणं आणि नावं हाताने टाइप करा, बाकीचं बोलून.

परीक्षणात बोली तपासायची तर नेमकं सांगा. दर वाक्यात 'बाप्पा' घातला की वऱ्हाडी होत नाही. क्रियापद 'करत आहे' आणि तोंडी लावायला 'मले', अशी खिचडी कानाला लगेच खटकते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडची झाडीबोली वेगळी आहे, तिला वऱ्हाडी म्हणून मोकळं होऊ नका.

टीआरपीचा चुकीचा हिशेब

"सोमवारच्या ट्विस्टने गुरुवारी टीआरपी वाढला" हे वाक्य होऊच शकत नाही. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. या गुरुवारचा आकडा गेल्या शुक्रवारपर्यंतचा. सोमवारच्या प्रसंगाचा परिणाम पाहायचा तर पुढच्या आठवड्याच्या गुरुवारपर्यंत थांबा. आणि आकडा मोठा म्हणून भाग चांगला, असं परीक्षणात लिहू नका.

मूळ मालिका पाहून पुढचं सांगणं

'आई कुठे काय करते' ही बंगाली 'श्रीमयी'वर बेतलेली, हिंदीतली 'अनुपमा'ही तिच्यावरूनच. अशा मालिकांचं पुढचं कथानक मूळ भाषेत वाचून "आता हे होणार" असं छातीठोक सांगणारे बरेच आहेत. पण वर्ष-दोन वर्षं चाललेली मालिका मुळापासून दूर जाते, पात्रं वाढतात, शेवट बदलतात. अंदाज अंदाज म्हणूनच द्या. ज्यांना पुढचं नको आहे त्यांच्यासाठी वर इशारा द्या. काही अ‍ॅपवर पैसे भरणाऱ्यांना भाग टीव्हीच्या आधीच दिसतो. तो पाहून लिहिलं असेल तर रात्री टीव्हीवर भाग संपेपर्यंत गटावर टाकू नका.

हुकलेला तुकडा अंदाजाने भरणं

८:१२ ला लाईन गेली, ८:२२ ला आली. मधल्या दहा मिनिटांत "काही विशेष झालं नसेल" असं धरू नका. पुनःप्रक्षेपण पाहा, किंवा अ‍ॅपवर तेवढाच तुकडा सरकवून पाहा. गावात रेंज कमी असेल तर तालुक्याला गेल्यावर भाग सगळ्यात कमी दर्जावर डाउनलोड करून घ्या, चित्र फिकं दिसेल पण संवाद स्पष्ट ऐकू येतात. तेही जमलं नाही तर सरळ लिहा: "८:१२ ते ८:२२ पाहता आलं नाही." शेजारणीने सांगितलेलं वापरलं तर तेही लिहा.

भागाचे तुकडे जोडणं

"भागाचा तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा लावला तर चालतं" ही अफवा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराला सूट आहे, पण तिथे सेकंद मोजून दिलेले नाहीत. तुमच्या बोलण्याला आधार म्हणून एखादं चित्र वेगळं, आणि पाच मिनिटांचा प्रसंग चढवून खाली "कसा वाटला?" लिहिणं वेगळं. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले तर चॅनेल बंद होऊ शकतं.

चूक कळल्यावर गुपचूप पुसणं

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत बदलता येतो. तेवढ्यात नाव चुकलेलं दिसलं तर तिथेच दुरुस्त करा. त्यानंतर कळलं तर जुना मेसेज डिलीट करू नका, कारण तोवर तो चार गटांत गेलेला असतो. त्यालाच उत्तर देऊन लिहा: "दुरुस्ती: बाटली धाकटीने नाही, थोरलीने बदलली." चुकीचं आणि बरोबर, दोन्ही त्या एकाच ओळीत.