उन्हाळ्यात शहर फिरायला निघताय? मोठ्या मापाचे कपडे एका छोट्या बॅगेत

मी ४एक्सएल घालते. कमी सामानात प्रवास करण्याचे जे सल्ले सर्रास दिले जातात, ते लहान मापाच्या कपड्यांचा हिशेब धरून दिलेले असतात. आपले कपडे जागाही जास्त खातात आणि वजनही. म्हणून किती कपडे न्यायचे हे ठरवण्याआधी ते कुठल्या कापडाचे आहेत ते बघा.

कापडाचं वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. मोठ्या मापाच्या लांब ड्रेसला तीनेक चौरस मीटर कापड सहज जातं. ते २०० जीएसएमचं असेल तर ड्रेस ६०० ग्रॅमचा, १२० चं असेल तर ३६० चा. असे तीन कपडे घेतले की जवळजवळ पाऊण किलोचा फरक! हातातल्या बॅगेला ७ किलोचीच परवानगी देणाऱ्या विमान कंपन्या पुष्कळ आहेत, तिथे हे पाऊण किलो फार मोलाचं. लेबलवर जीएसएम नसेल तर कपडा सरळ स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा.

मलमल, व्हॉइल, पातळ लिनन हे माझे आवडते. लिनन चुरगळतं, चुरगळू दे. व्हिस्कोस अंगावर सुरेख पडतं, पण पाणी धरून ठेवतं आणि मोठ्या मापात रात्रभरात वाळेलच असं नाही. पॉलिएस्टर झटकन वाळतं, पण घामाचा वास सोडत नाही. जीन्स घरीच राहू द्या. राखाडी आणि फिकट निळ्यावर घामाचे डाग लगेच उठतात. पांढरा, गडद निळा किंवा बारीक छापाचा कपडा जास्त निभावून नेतो.

पाच दिवसांसाठी तीन टॉप, दोन पँट आणि एक ड्रेस पुरतो. त्यातला एक जोड अंगावरच असतो.

आता मांड्यांचं बोलू, कारण सबंध सहलीचा आनंद त्यावर अवलंबून असतो. दिवसभर चालताना मांडीला मांडी घासते, वर घाम, आणि संध्याकाळपर्यंत कातडी सोलवटून निघते. ड्रेसखाली पातळ, लांब शॉर्ट्स घालाच. त्या नुसत्या उभं राहून पारखू नका. घरी अर्धा तास चाला, जिना चढा, खाली बसा. शॉर्ट्सचा पाय वर गुंडाळला जात असेल किंवा आतली शिवण बोचत असेल तर ती शॉर्ट बाद. सोबत घर्षण टाळणाऱ्या बामची कांडी ठेवा आणि तो सकाळी कोरड्या त्वचेवर लावा, मांड्यांना आणि छातीखालीही. पावडरीवर भिस्त ठेवू नका, घामात तिचा लगदा होतो.

शॉर्ट्स तीन आणि ब्रा तीन, यात काटकसर करायची नाही. टॉप फाटला तर काहीतरी जुगाड होतो, पण आपल्या मापाची ब्रा अनोळखी शहरात ऐन वेळी मिळेलच याची खात्री नसते. ब्रा दुमडून कप चेपू नका. एकात एक बसवा आणि पोकळीत मोजे भरा.

रोज रात्री अंघोळीच्या वेळीच शॉर्ट्स आणि टॉप धुऊन टाका. पिळून झाल्यावर कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघ्यानं भार द्या. टॉवेल ओला होतो, कपडा नुसता दमट उरतो. मग पंख्याखाली हँगरवर, बाह्या मोकळ्या करून.

उन्हात पाय सुजतात, म्हणून दुसरा जोड पट्टे सैल करता येतील अशा सँडलचा घ्या; जड बूट प्रवासात पायातच. खांद्यावरून तिरकी घालायची पर्स घेणार असाल तर पट्टा पूर्ण सोडून अंगावर घालून बघा. ती काखेत न अडकता कमरेवर आली पाहिजे.