ग्रो लाइट घेताय? आधी मीटरचा लाल दिवा मोजा

जून उजाडला की आमच्या वडगावच्या गल्लीत माझ्याकडं माणसं यायला लागतात. काखेत खोकं, खोक्यात ग्रो लाइट, म्हणजे घरात रोपं वाढवायचा दिवा, आणि तोंडी एकच प्रश्न, "काका, एवढा हजार वॅटचा लाइट लावलाय, तरी रोपं लांबडी का होतायत ओ?"

घरात लाइट लावायची कल्पना चुकीची नाही. बेळगावात पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका. मीसुद्धा तेच करतो. उद्यमबागेत लेथवर तीस वर्षं काढली, आता मागच्या खोलीत लोखंडी रॅक लावून संकेश्वरी मिरचीची आणि टोमॅटोची रोपं करतो. फक्त लेथवरची एक सवय सुटत नाही. ड्रॉइंगवरचा आकडा वाचायचा आणि मग व्हर्नियर लावून बघायचा. लाइट घेणारे आकडा वाचतात, व्हर्नियर लावायचं विसरतात.

खोक्यावरचा वॅट खरा मानणं

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून तीच आधी. पहिला एलईडी पॅनेल मी ऑनलाइन मागवला. खोक्यावर ठळक अक्षरात १००० वॅट. किंमत बघूनच शंका यायला पाहिजे होती, पण फुकटातलं मिळालं की माणसाची अक्कल चरायला जाते. पॅनेल लावला, डोळे दिपले, गल्लीतल्या पोरांना बोलावून दाखवला. महिनाभरानं बिलात बघतो तर वाढलेत जेमतेम पन्नास युनिट. सौ. खूश. मी मात्र कोड्यात पडलो. हजार वॅटचा लाइट रोज सोळा तास चालला तर दिवसाला सोळा युनिट, महिन्याला ४८० युनिट जळायला हवेत. बाकीचे गेले कुठं?

मग रविवारी घरातली सगळी बटणं बंद केली. फ्रीजसुद्धा, त्यावरून जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. फक्त पॅनेल चालू ठेवला आणि मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. हेस्कॉमच्या, म्हणजे आमच्या वीज कंपनीच्या, डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं, आमच्या मीटरवर ३२०० आहे. दहा मिनिटांत ५८ वेळा लुकलुकला. म्हणजे तासाला ३४८. भागिले ३२००, म्हणजे ०.१०९ किलोवॅट. हजार वॅटचा पॅनेल १०९ वॅट खात होता.

विकणारा यावर साळसूदपणे सांगतो की हा आकडा 'समतुल्य' आहे, म्हणजे जुन्या सोडियमच्या दिव्याशी तुलना करून काढलेला. कधी हिशेब आणखी सोपा असतो. पॅनेलवर शंभर चिपा, प्रत्येक चिप जास्तीत जास्त दहा वॅट सोसते, झाले हजार. ती चिप प्रत्यक्षात एका वॅटवर चालवलीय हे खोक्यावर कुणी छापत नाही. दहा माणसं बसतील एवढी जीप घेतली म्हणून रोज दहा माणसं फिरतात का? तसंच हे.

त्यामुळं माझा नियम असा. खोक्यावरचा मोठा आकडा वाचायचाच नाही. मागच्या स्टिकरवर 'प्रत्यक्ष वीज वापर' शोधायचा. मग पीपीएफ म्हणजे झाडाच्या कामाचा प्रकाश दर सेकंदाला किती मायक्रोमोल (हे प्रकाशकण मोजायचं माप) बाहेर पडतो ते शोधायचं, आणि त्याला प्रत्यक्ष वॅटनं भागायचं. आजच्या चांगल्या पॅनेलला हा भागाकार अडीचच्या पुढं येतो. दीडच्या खाली आला तर तुम्ही खोलीसाठी हीटर घेताय. आणि पीपीएफ कुठंच दिलेला नसेल, नुसते लुमेन आणि वॅट असतील, तर खोकं परत करा. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, डोळ्याला हिरवा-पिवळा सगळ्यात उजळ दिसतो म्हणून त्याकडं झुकलेलं. मिरचीला डोळे नाहीत.

बिलाचं अजून एक. आपल्याकडं कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती ही सरकारची मोफत विजेची योजना आहे. २०२२-२३च्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून घराची मर्यादा ठरलेली. तिच्या वर गेलात तर वरचे युनिट भरायचे, आणि २०० ओलांडले तर सगळंच बिल भरायचं. माझ्या भाच्यानं खानापुरात एकदम चार पॅनेल लावले. कोथिंबीर वीस रुपयांची निघाली. आलेलं बिल तो सांगत नाही, पण त्यातले दोन पॅनेल हल्ली माझ्याकडं आहेत.

डोळ्यानं उजेड जोखणं

"काका, खोली झगझगीत झालीय की!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू येत नाही. आपला डोळा फसवा आहे. अंधारात डोळ्यातली बाहुली फाकते, उन्हात आकसते, आणि आपल्याला दोन्हीकडं 'बरा उजेड' वाटतो. आकडे बघा. निरभ्र दुपारी गच्चीवर लाखभर लक्स (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) असतात. ट्यूबलाइट लावलेल्या हॉलमध्ये तीन-चारशे. वाचायला तेवढं भरपूर, पण झाडासाठी तो उपासच.

हे घरच्या घरी मोजता येतं. फोनमध्ये लक्स दाखवणारं अ‍ॅप टाका. आधी फोनची परीक्षा घ्या, पाऊस सुरू व्हायच्या आत, एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवर. लाखाच्या आसपास आकडा आला तर फोन कामाचा. चाळीस हजारांवरच अडकला तर शेजाऱ्याचा फोन मागा. मग फोन रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर आडवा ठेवायचा. जमिनीवर नाही, हातात धरून नाही. पांढऱ्या एलईडीखाली जो आकडा येईल त्याला ७०नं भागा, की झाला अंदाजे पीपीएफडी, म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे मायक्रोमोल. गुलाबी लाइटखाली ही युक्ती चालत नाही, तिथं लक्सचा आकडा दिशाभूल करतो.

आता त्या आकड्याला रोजच्या तासांनी गुणा, आणि ०.००३६नं गुणा. हा झाडाचा दिवसाचा रतीब. माझ्या रॅकवर १४० मायक्रोमोल पडतात, सोळा तास, म्हणजे रोज आठ मोल. कोवळ्या रोपांना तेवढं चालतं. लेट्यूससारख्या पालेभाजीला बारा ते सतरा पाहिजेत. टोमॅटो-मिरची फळापर्यंत न्यायची तर वीसच्या वर, आणि तेवढं घरात द्यायचा हट्ट मी करत नाही. रोपं बोटभर झाली, पावसानं उघडीप दिली, की गच्चीवर. सूर्य अजून तरी बिल पाठवत नाही.

आणि मोजताना नुसतं मध्यभागी मोजू नका. विकणारा तेवढाच आकडा देतो, कारण तोच सगळ्यात मोठा असतो. माझ्या पॅनेलखाली मध्ये ३००, कोपऱ्यात ९०. कोपऱ्यातली रोपं वाकडी होऊन मध्याकडं बघत उभी, जशी काय पंगतीत वाढपी कधी येतो म्हणून. आता चार दिवसांनी ट्रे फिरवतो.

लाइट छताला टांगणं

निपाणीच्या एका गृहस्थांनी फोटो पाठवला. दिवाणखान्यात मधोमध हुकाला, झुंबराच्या जागी, पॅनेल. खाली सहा फुटांवर टोमॅटोचा ट्रे. रोपं वीतभर उंच, दोऱ्यासारखी. खताचं प्रमाण विचारत होते. खत कशाला? रोप उजेड शोधत लांबतं, त्याला खत म्हणजे उपाशी माणसाला च्यवनप्राश. पॅनेल दीड फुटावर आणा म्हटलं तर म्हणाले, "पण मग हॉलला शोभा कसली?" यावर माझ्याकडं उपाय नाही.

उलट्या टोकाची माणसंही असतात. एलईडी हाताला गरम लागत नाही म्हणून पॅनेल चार बोटांवर आणून ठेवतात. शेंड्याची पानं पांढरी पडतात, कडा वर वळतात. हा उष्णतेचा नाही, उजेडाचाच मारा असतो. मी दीड-दोन फुटांवर सुरू करतो आणि आठवड्याला दोन बोटं खाली आणतो. साखळी वापरा, सुतळी नको. सुतळी पावसाळ्यात कुजते.

गुलाबी लाइटची हौस

हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं हे खरं. त्यावरून हिरवा वाया जातो असं ठरवून जांभळे-गुलाबी पॅनेल निघाले. पण हिरवा प्रकाश पानात खोलवर आणि खालच्या पानांपर्यंत जातो, आणि झाड तोही वापरतं. आता चांगले पॅनेल पांढरेच येतात, वर थोडे ६६० नॅनोमीटरचे लाल. माझा खरा राग मात्र वेगळ्या कारणानं आहे. गुलाबी उजेडात पान पिवळं पडलेलं दिसत नाही. एका वर्षी मिरचीचे तीन ट्रे होते. रोज संध्याकाळी बघायचो, सगळं काळपट-जांभळं, ठीकच वाटायचं. एक दिवस लाइट गेली म्हणून ट्रे खिडकीशी नेला. पानं वाट्यांसारखी वर वळलेली, खालून रुपेरी चट्टे, आणि भिंग लावल्यावर फुलकिडे पळताना दिसले. चुरडा-मुरडा रोग. तिन्ही ट्रे उकिरड्यावर. गुलाबी पॅनेल असेलच तर टॉर्च जवळ ठेवा, पण मी म्हणेन, विकून टाका. सिनेमाच्या थिएटरात शेती करू नये.

बाकीच्या, थोडक्यात

चोवीस तास लाइट चालू ठेवू नका. टोमॅटोची पानं पिवळी पडून डागाळतात. पालक आणि कोथिंबीर लांब दिवसात लवकर तुऱ्यावर येतात, त्यांना बारा तास पुरे. साधा टायमर लावा, "मी लक्षात ठेवीन" म्हणणाऱ्यांचं मी पाहिलंय.

शेवंतीला रात्रीचा लाइट नको. समोरच्या वैनींची कुंडी माझ्या खिडकीच्या उजेडात होती, दसरा आला तरी कळी नाही. शेवंतीला लांब रात्र लागते. मी पडदा लावला, त्यांनी बोलणं सुरू केलं.

पाणी उन्हाच्या हिशेबानं घालू नका. लाइटखाली आणि पावसाळी दमट हवेत माती सावकाश सुकते. रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात ती याच्यामुळं. ट्रे उचलून बघा, हलका लागला तरच पाणी.

रोपांपुरतंच करायचं असेल तर पॅनेल घेऊच नका. पांढऱ्या एलईडीच्या वीस वॅटच्या चार पट्ट्या, चार फुटी, दीड फूट रुंद रॅकवर, शेंड्यापासून वीतभर उंचीवर. माझे ते १४० मायक्रोमोल यातूनच येतात. खडेबाजारात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात, बिघडली तर एकच पट्टी बदलायची.

लावल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करू नका. मिरची उगवायलाच आठ-दहा दिवस घेते.

पावसाळ्यात लाइट जाते-येते, तेव्हाच्या झटक्यानं चिपेच्या आधी ड्रायव्हर, म्हणजे चिपांना वीज पुरवणारा डबा, मरतो. सर्ज गार्ड लावा. माझे दोन ड्रायव्हर गेले तेव्हा शहाणपण आलं.

आणि वायर. पॅनेलकडून सॉकेटकडं सरळ उतरती नेऊ नका, पानांवर फवारलेलं पाणी तिच्यावरून ओघळत थेट सॉकेटात जातं. सॉकेटच्या आधी वायरीला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथंच ठिबकेल. आमच्या सौ.नं ते बघून खाली वाटी ठेवलीय. ती वाटी रोज मीच रिकामी करायची, असं ठरलंय.