एफआरसी रोबोट: कुठल्या वायरला किती अँपिअरचा ब्रेकर?

एफआरसी म्हणजे विद्यार्थ्यांच्या टीमची रोबोट स्पर्धा. तिथल्या रोबोटमध्ये ब्रेकर (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) असतो वायर वाचवायला, मोटर नाही. म्हणून आधी वायर बघा, मग ब्रेकर. 40 अँपिअरच्या ब्रेकरला 12 गेज वायर लागते (गेजचा आकडा लहान, तितकी वायर जाड), 30 ला 14 आणि 20 ला 18. आपल्याकडे दुकानात चौरस मिमीत मागा: अनुक्रमे 4, 2.5 आणि 1. बॅटरीपासून 120 अँपिअरच्या मेन ब्रेकरमार्गे वितरण बोर्डापर्यंत (इथून सगळ्या भागांना वीज वाटली जाते) 6 गेज, म्हणजे 16 चौरस मिमी. जाड चालते, बारीक नाही.

ड्राइव्हच्या (चाकं फिरवणाऱ्या) मोटरना 40, हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला 20. प्रत्येक मोटर कंट्रोलरला (मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारा डबा) ब्रेकर वेगळा, आणि तो आपोआप जोडला जाणाराच हवा.

40 चा ब्रेकर 40 ला लगेच पडत नाही, म्हणजे वीज तोडत नाही. आतली पट्टी तापली की तो पडतो. जाम झालेली सिम (CIM, एफआरसीतली नेहमीची मोटर) 130 अँपिअरच्या आसपास ओढते, तेव्हाही तो थोडा दम धरतो, मग पडतो आणि गार झाला की पुन्हा जोडला जातो. बाहेरून दिसतं एवढंच, की रोबोट अडखळतोय. आणि टीम कोडमध्ये बग शोधत बसते! एकच ब्रेकर वारंवार पडत असेल तर गिअरबॉक्स आणि चेन तपासा. सतत पडून ब्रेकर स्वतःही कमकुवत होतो, तेव्हा तो बदलाच.

मेन ब्रेकरचं दुखणं मोठं. तो पडला की हातानेच चालू करावा लागतो, आणि मॅच चालू असताना मैदानात कोणी जाऊ शकत नाही. चार ड्राइव्ह मोटर प्रत्येकी 40 ओढत असतील तर 160 झाले. थोडा वेळ निभावतं, पण लागोपाठच्या मॅचमध्ये आधीच तापलेला ब्रेकर लवकर पडतो. कोडमध्ये सप्लाय करंटला (बॅटरीकडून कंट्रोलरमध्ये येणारा) मर्यादा घाला; स्टेटर करंटची (मोटरच्या आतला) मर्यादा वेगळी, ब्रेकरला दिसतो तो सप्लाय. मेनचे नट सैल असले तरी तिथे उष्णता होते आणि कमी लोडलाही तो पडतो. मेन ब्रेकरचं वीज बंद करणारं लाल बटण दुसऱ्या रोबोटच्या धक्क्याने दाबलं जाणार नाही, पण माणसाचा हात मात्र चटकन पोहोचेल, अशा जागी बसवा.

जुन्या पीडीपी वितरण बोर्डावर रोबोरिओला (रोबोटचा मुख्य संगणक) 10 चा छोटा फ्यूज असतो, व्हीआरएम (व्होल्टेज नियंत्रक) आणि पीसीएमला (हवेचे व्हॉल्व्ह चालवणारा) मिळून 20 चा. तो पुरता बसायला अंगठ्याचा चांगलाच जोर लागतो. अर्धवट बसला तर पिटमध्ये (टीमची दुरुस्तीची जागा) सगळं ठीक चालतं, पहिल्याच धडकेत रोबोरिओ रीस्टार्ट होतो. दर मॅचआधी फ्यूज दाबून आणि वायरी ओढून बघा.