बँकॉकला निघालात? बिबडे बॅगेत, बूट दाराबाहेर

जळगाव-धुळ्याकडून दिवाळीच्या सुट्टीत थायलंडला जाणार असाल तर पहिली सवय मोडायची ती हाताची. आपल्याकडे लेकराच्या डोक्यावर हात ठेवणं म्हणजे आशीर्वाद; तिथे डोकं शरीराचा सगळ्यात पवित्र भाग मानतात, त्यामुळे अनोळखी मुलाला असं गोंजारू नका. पाय सगळ्यात खालचे, म्हणून मूर्तीसमोर तळवे करून बसायचं नाही. मंदिरात बूट बाहेर काढायचे, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही. राजाबद्दल थट्टा तर नकोच, तिथे तो गुन्हा आहे आणि तुरुंगवास होतो.

सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात जायला एअरपोर्ट रेल लिंक बरी. शेवटच्या फाया थाय स्टेशनला उतरलात की तिथूनच बीटीएस, म्हणजे शहरातली उंचावरून धावणारी मेट्रो मिळते. सामान जास्त असेल तर टॅक्सी, पण मीटर चालू करायला सांगा. विमानतळाच्या स्टँडवरून घेतली तर ५० बाट जादा आणि टोलही आपलाच. टुकटुकला मीटर नसतो. बसायच्या आधी भाव ठरवा, घासाघीस खानदेशी माणसाला शिकवायला नको!

शाकाहारी असाल तर पिवळ्यावर लाल अक्षरांतली ‘जे’ची, म्हणजे तिथल्या शुद्ध शाकाहारी जेवणाची पाटी शोधा. नुसत्या भाजीतही फिश सॉस असतो. ‘जे’ जेवणात मात्र लसूण-कांदाही नसतो, म्हणून चेक-इन बॅगेत बिबडे (आपले ज्वारीचे पापड) आणि लसणाची कोरडी चटणी असू द्या.