भिंतीला होल मारताना या चुका टाळा: चिरा, वीट, ब्लॉक आणि टाइल

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एकाच घरात तीन तऱ्हेच्या भिंती सापडतात. पुढचा सोपा जांभ्या चिऱ्याचा, मागे वाढवलेलं स्वयंपाकघर विटेचं, वरचा मजला सिमेंट ब्लॉकचा. वरून मात्र सगळीकडे एकच गिलावा आणि एकच रंग. त्यामुळे बिट (ड्रिलचं पातं) एकच, हॅमर (ड्रिलची ठोके देत फिरण्याची सोय) सुरुवातीपासून चालू, अशीच कामाला सुरुवात होते आणि बहुतेक होल तिथंच बिघडतात.

धूळ न बघता पुढे जाणं

ब्रॅकेटखाली झाकली जाईल अशा जागी हॅमर बंद ठेवून 5 मिमीच्या बिटानं होल सुरू करा आणि पडणारी धूळ कागदावर घ्या. पहिले 12 ते 20 मिमी करडी धूळ येते, तो गिलावा. पुढे नारिंगी, बारीक पूड आली तर वीट. तपकिरी-तांबडी, मधूनच पिवळसर भुकटी येऊन बिट एकदम आत गेलं तर चिरा. पांढरी, दाणेदार धूळ आणि जोर न लावता बिट सरकत असेल तर हलका एएसी ब्लॉक. करडी धूळच येत राहिली आणि बिट फारसं सरकेना, तर समोर काँक्रीट आहे. दारा-खिडकीच्या वर तर लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई, असणारच. जुन्या घरांत कुठे काळा दगड लागला, तर साधं इम्पॅक्ट ड्रिल तापत बसतं. तिथं रोटरी हॅमर भाड्यानं आणा.

हॅमर वीट, काँक्रीट आणि काळ्या दगडासाठी. चिऱ्यात आणि एएसीमध्ये तो बंदच ठेवा.

चिऱ्याला विटेसारखं वागवणं

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो. तरी त्याच्या आत पोकळ्या आणि मातीचे कप्पे राहतातच. हॅमर लावला की या पोकळ्यांच्या कडा ढासळतात. 8 मिमीचं होल आत 11-12 मिमीचं होतं, प्लग (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) गोल फिरतो आणि स्क्रू कितीही आवळला तरी धरत नाही. म्हणून आधी प्लगच्या मापापेक्षा एक नंबर लहान बिट घ्या, सरळ ड्रिलनं हळू होल पाडा आणि प्लग हातोडीनं ठोकून बसवा. ठोकूनही आत जाईना तरच होल पूर्ण मापाचं करा. चिऱ्यात 30 मिमीचा प्लग पुरत नाही, 50 ते 60 मिमीचा घ्या.

दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात होल मारू नका. जुन्या घरांत हे सांधे मातीचे किंवा चुन्याचे असतात. आज प्लग बसला तरी वजनानं हळूहळू सुटतो. गिलाव्यामुळे सांधा दिसत नसेल तर पुन्हा धुळीवरच भरवसा ठेवा: भुसभुशीत माती पडू लागली की होल तीन-चार इंच बाजूला घ्या. गिझर किंवा मोठ्या टीव्हीसारखं वजन पोकळ चिऱ्यावर टांगायचं असेल, तर जाळीच्या नळीसकट केमिकल अँकर वापरा. तो पोकळीत पसरून घट्ट होतो, साधा प्लग तिथं नुसता लोंबतो. 15 लिटरचा गिझर पाण्यासकट 25 किलोच्या आसपास भरतो, हे ध्यानात ठेवा.

गिलाव्यालाच भिंत समजणं

30 मिमीच्या प्लगचा निम्मा भाग 15 मिमीच्या गिलाव्यात राहिला, तर वजन गिलाव्यावरच पडतं. मग फळी पडताना गिलाव्याचा पोपडाही घेऊन पडते. प्लगचं तोंड गिलाव्याच्या पलीकडे ढकला आणि स्क्रूची लांबी अशी काढा: वस्तूची जाडी, अधिक गिलावा, अधिक प्लगची पूर्ण लांबी. होल प्लगच्या टोकाच्याही पुढे 10 मिमी खोल हवं. बिटावर चिकटपट्टी लावून खूण करा. आतली पूड सायकलच्या पंपानं काढा, तोंडानं फुंकाल तर ती सरळ डोळ्यात जाते.

टाइलचंही तसंच. टाइल पार होईपर्यंत हॅमर नको. भाल्याच्या टोकाचं टाइल बिट, कमी वेग, खाली चिकटपट्टी. प्लग टाइलच्या मागे गेला पाहिजे, नाहीतर स्क्रू आवळताना तो फुगतो आणि टाइलला तडा जातो.

वायर आणि पाइप

स्विचबोर्ड आणि सॉकेट यांच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत होल नको. नळाच्या आणि गिझरच्या पॉइंटच्या रेषांतही नको. संबंधित एमसीबी बंद करा आणि ड्रिलची वायर दुसऱ्या सर्किटवरून घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करूनही त्याच्या लाइन चालू राहतात. म्हणून टेस्टरनं खात्री करा. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीत होल मारू नका.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ड्रिलचं लॉक बटण दाबून काम चालू असताना हेस्कॉमची (इकडच्या वीज कंपनीची) लाइट गेली, तर ती परत येताच ड्रिल हातात किंवा टेबलावर आपोआप फिरू लागतं. लॉक वापरूच नका, आणि लाइट गेली की ड्रिलची पिन सॉकेटमधून काढा.

चष्मा आणि एन95 मास्क हवाच. विटेच्या आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. पदर, ओढणी, सैल बाह्या आवरून घ्या. बाजूचं हँडल लावून दोन्ही हातांनी धरा, कारण बिट अडकलं की ड्रिल मनगट पिरगाळतं.

भिंतीच्या आरपार

केबलसाठी किंवा एसीच्या पाइपसाठी होल बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा. 9 इंची भिंतीला साधारण 10 ते 12 मिमी उतार पुरतो. सपाट किंवा आत उतरतं होल पडलं, तर खानापूरकडच्या पावसात पाणी त्याच वाटेनं घरात येतं. साडेचार इंची भिंतीत शेवटचा इंचभर हॅमर बंद करा, नाहीतर पलीकडे बशीएवढा गिलावा उडतो. चांगलं काम हवं असेल तर आधी 8 मिमीचं आरपार होल पाडा आणि मोठं बिट दोन्ही बाजूंनी चालवा. भिंतीच्या कोपऱ्यापासून आणि उघड्या कडेपासून किमान तीन इंच सोडा.

अडलं तर

किरकिर आवाज येऊन ठिणग्या पडल्या, तर सळई लागली. जोर लावू नका, होल इंचभर सरकवा. बिट नुसतं तापतंय, पूड नाही: टोकाचं कार्बाइड झिजलंय, किंवा ड्रिल उलट्या दिशेला फिरतंय. दुसरी शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त वेळा खरी निघते. प्लग सैल बसला तर काडेपेटीच्या काड्या कोंबू नका. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि त्यात वाळवीही लागते. पुढच्या मापाचा प्लग घ्या, 6 ऐवजी 8, आणि स्क्रूही त्याच्या मापाचा जाड घ्या.